गोऱ्हा आणि गोलंदाज

आमच्या थोरल्या बंधूंना सगळं गाव दादा म्हणतं. दादांनी आयुष्यात कधी क्रिकेटची बॅट हातात धरली नाही. चेंडूही कधी टाकला नाही. टाकले असतील तर चिंचा पाडायला दगड. तरीही वेगवान गोलंदाजाबद्दल सगळ्यांत शहाणपणाची गोष्ट मी ऐकली ती त्यांच्याच तोंडून. ऐकली, पण मनावर घेतली नाही, आणि त्याची किंमत त्यांच्या पोराला मोजावी लागली. ती हकीकत आज सांगायला बसलो आहे. कारण हल्ली गावोगावच्या माळावर पोरं लांबून धावत येऊन चेंडू टाकताना दिसतात, आणि त्यांच्या आईबापांना हे कोणीतरी सांगायला हवं.

मी मूळचा श्रीरामपूर तालुक्यातला. पाटपाण्याचा भाग, ऊस आणि गहू. भाऊ दोघे आणि जमीन साडेतीन एकर. म्हणून १९८३ साली मी मुंबईला आलो आणि मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात लेथवर लागलो. मरोळ म्हणजे अंधेरी स्टेशनच्या पूर्वेला, विमानतळाच्या मागल्या अंगाला. नावाला मुंबई, पण तेव्हा तिथं गावाचा वास होता. गावठाणात कौलारू घरं, नाक्यावर क्रूस, सुक्या मासळीचा बाजार, जवळून वाहणारी मिठी नदी. गावठाणातली जुनी ख्रिस्ती माणसं सांगायची, की इथं आमची भातखाचरं होती. उत्तरेला आरे दूध वसाहतीचं रान. गावाची फार आठवण आली की रविवारी मी तिकडं नुसत्या म्हशी बघायला जायचो. इथंच संसार झाला. दीड खोलीचं घर, सौ., दोन मुली आणि मी.

आता क्रिकेट आमच्या घरात कसं शिरलं ते सांगतो. श्रीरामपूर म्हटलं की पूर्वी लोक म्हणायचे, साखर कारखान्यांचा मुलूख. २००० सालानंतर म्हणायला लागले, झहीर खानचं गाव. ७ ऑक्टोबर १९७८ला श्रीरामपुरात जन्मलेला हा मुलगा. वडील फोटोग्राफर, आई शिक्षिका. शिक्षण श्रीरामपुरातच. इंजिनिअरिंगचा रस्ता सोडून तो १९९६च्या सुमारास मुंबईला आला आणि माजी कसोटीपटू सुधीर नाईक यांच्या हाताखाली नॅशनल क्रिकेट क्लबकडून खेळू लागला. तिथून मद्रासच्या एम.आर.एफ. पेस फाउंडेशनमध्ये. वेगवान गोलंदाज घडवायची ती शाळा, आणि तिथं शिकवायला ऑस्ट्रेलियाचा डेनिस लिली. मग बडोद्याकडून रणजी, आणि ऑक्टोबर २०००मध्ये नैरोबीत भारताच्या संघात. आमच्या भागातल्या पोरांना तेव्हा पहिल्यांदा वाटलं, की उसाच्या पट्ट्यातून निघालेला रस्ता थेट भारताच्या संघापर्यंत जातो.

२ एप्रिल २०११. वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना. मी मरोळला चाळीत बघत होतो आणि दादांचा मुलगा गावी ग्रामपंचायतीसमोरच्या टीव्हीवर. झहीरनं पहिल्या पाच षटकांत तीन निर्धाव टाकली, सहा धावा दिल्या आणि एक बळी घेतला. आठ वर्षांपूर्वी, २००३च्या अंतिम सामन्यात, याच माणसाच्या पहिल्याच षटकात पंधरा धावा गेल्या होत्या. त्या दिवशी सारा देश त्याच्यावर चिडला होता. २०११ला तो २१ बळी घेऊन स्पर्धेत सर्वांत जास्त बळी घेणाऱ्या दोघांपैकी एक ठरला. त्या रात्री पुतण्यानं मला फोन केला. म्हणाला, "नाना, मला मुंबईला घेऊन चला." वय वर्षं पंधरा.

दहावी झाल्यावर, जून २०१२मध्ये, दादा त्याला घेऊन एस.टी.नं मरोळला आले. पोरगा सहा फुटाला दोन बोटं कमी, सडसडीत, उजव्या हातानं गोळीसारखा चेंडू टाकणारा. बुटांसाठी, कपड्यांसाठी आणि क्लबच्या फीसाठी दादांनी एक दुभती गाय विकली होती. रात्री जेवण झाल्यावर ओट्यावर बसलो तेव्हा दादा म्हणाले, "नाना, पोरगं तुझ्या हवाली करतोय. एवढंच ध्यानात ठेव, ते अजून अदंत आहे. उंची बैलाची दिसते, पण हाडं गोऱ्ह्याची. चौसा होईस्तोवर आपण गोऱ्ह्याला नांगराला धरत नाही."

मी हसलो. म्हणालो, "दादा, हा खेळ आहे, नांगरट नव्हे. तुम्ही काळजी करू नका."

दादा काही बोलले नाहीत. सकाळच्या गाडीनं परत गेले, कारण पेरणी तोंडावर आली होती.

मुंबईतलं क्रिकेट हे कष्टाचं क्रिकेट. पोरगा पहाटे साडेचारला उठायचा. सौ. चार पोळ्या आणि गुळाचा खडा डब्यात घालायची. पाठीवर त्याच्या वजनाच्या पाव हिश्शाची बॅग. मरोळ नाक्यावरून बस पकडून अंधेरी, तिथून लोकल, मग मैदान. सरावानंतर कॉलेज आणि संध्याकाळी पुन्हा सराव. जून २०१४ला मेट्रो सुरू झाली तेव्हा बसचा त्रास तेवढा वाचला. लोकलच्या गर्दीत ती बॅग घेऊन चढणं हीसुद्धा एक परीक्षा असते. पालघरचा शार्दूल ठाकूर असाच लोकलनं ये-जा करून भारताचा गोलंदाज झाला.

पावसाळ्यात इथं कांगा लीग असते. १९४८ला सुरू झालेली, मुद्दाम पावसात खेळायची स्पर्धा. न झाकलेली ओली खेळपट्टी, गुडघ्याएवढं गवत, आणि चेंडू कुठं उसळेल ते देवाला ठाऊक. गावी भाऊबंद चिखलात भात-बाजरी करत असायचे आणि हा इथं चिखलात बळी घ्यायचा. एका सामन्यात त्यानं सहा गडी बाद केले. एका मराठी वर्तमानपत्रात बारीक अक्षरांत नाव आलं. ते कात्रण मी कारखान्यात सगळ्यांना दाखवत फिरलो.

आणि इथंच माझी बुद्धी फिरली.

मरोळ, साकीनाका, कुर्ला या पट्ट्यात हिवाळ्यात रात्री दिव्यांच्या उजेडात टेनिस चेंडूच्या स्पर्धा होतात. सिमेंटसारखी कडक जमीन, थोड्या षटकांचे सामने, जिंकणाऱ्याला रोख बक्षीस. आमच्या कारखान्यातल्या दोघांनी मला गाठलं. म्हणाले, "तुमचा पुतण्या आम्हाला द्या. एका रात्रीचे पाचशे रुपये." पोरगा नाही म्हणेना, पैसे मिळतील तेवढाच वडिलांचा भार हलका, असं त्याला वाटलं. मी तर हो म्हणायला तयारच होतो. मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसायचं, लोकांनी "हा कोण?" विचारायचं आणि मी सांगायचं, "आमचा पुतण्या." खरं सांगतो मंडळी, ते पाचशे रुपये मला नको होते. मला ती खुर्ची हवी होती.

पुढं सगळं झाल्यावर एका रात्री मी वहीत हिशोब मांडला. आठवड्यातून पाच दिवस सराव, रोज साठ चेंडू, म्हणजे तीनशे. शनिवार-रविवार सामना, रोज पंधरा षटकं, म्हणजे एकशे ऐंशी. रात्रीच्या टेनिस चेंडूच्या चार सामन्यांत सोळा षटकं, म्हणजे शहाण्णव. बेरीज ५७६. सतरा-अठरा वर्षांचं पोरगं आठवड्याला ५७६ चेंडू पूर्ण जोरानं टाकत होतं.

एक चेंडू टाकताना काय होतं ते शेतकरी माणसाला समजेल अशा भाषेत सांगतो. क्रिकेटचा चेंडू साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा. खेळपट्टी बावीस यार्डांची, म्हणजे वीस मीटरहून थोडी जास्त. ताशी १४० किलोमीटर वेगानं टाकलेला चेंडू जेमतेम अर्ध्या सेकंदात फलंदाजापाशी पोचतो. हा वेग नुसत्या हातातून येत नाही. गोलंदाज धावत येतो आणि शेवटच्या पावलाला पुढचा पाय जमिनीवर आपटून एकदम थांबतो. त्या थांबण्याचा धक्का शरीराच्या वजनाच्या पाच-सहा पट, कधी त्याहूनही जास्त असतो. आमचं पोरगं पासष्ट किलोचं. म्हणजे प्रत्येक चेंडूला सुमारे चार क्विंटलांचा दणका. तो पायातून गुडघ्यात, गुडघ्यातून कंबरेत. त्याच क्षणी पाठ मागं वाकलेली असते आणि एका बाजूला पिळलेली असते. म्हणून सगळा भार कण्याच्या खालच्या मणक्यांवर, हात उजवा असेल तर बहुधा डाव्या बाजूला येतो. चार क्विंटल गुणिले ५७६ म्हणजे आठवड्याला दोनशे तीस टन. आमच्याकडच्या पाच-सहा एकरांतला ऊस. हा हिशोब शास्त्राचा नव्हे हे मला कळतं, पण माझे डोळे उघडायला तो पुरला.

ऐन तारुण्यातल्या गोलंदाजाला राबवून घेण्याची खोड आपल्याकडं जुनी आहे. रमाकांत देसाई हे मुंबईचे वेगवान गोलंदाज. अंगापिंडानं इतके लहान की लोक त्यांना 'टायनी' म्हणत. १९५९च्या फेब्रुवारीत दिल्लीला वेस्ट इंडिजविरुद्ध त्यांचा पहिला कसोटी सामना झाला तेव्हा वय होतं एकोणीस. त्या एका डावात त्यांनी ४९ षटकं टाकली. २९४ चेंडू! बळी मिळाले चार. मनाचे एवढे खंबीर, की १९६८ला न्यूझीलंडमध्ये ड्युनेडिनला चेंडू लागून जबडा मोडला, तरी खेळपट्टी सोडली नाही. पण २८ कसोटी आणि ७४ बळी एवढ्यावरच त्यांची कारकीर्द थांबली. शेवटची कसोटी खेळले तेव्हा ते अठ्ठावीस वर्षांचे होते. त्या काळी खेळात पैसा नव्हता, आणि कोणी किती चेंडू टाकले याची वही ठेवायची पद्धतही नव्हती.

२०१४च्या दिवाळीनंतर सौ.च्या ध्यानात आलं, की पोरगा सकाळी अंथरुणावरून एका कुशीवर होऊन, हाताचा टेकू घेऊन उठतो. तिनं मला सांगितलं. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "काही नाही नाना, जरा कंबर धरलीय." मी औषधांच्या दुकानातून मलम आणि दुखणं थांबवायच्या गोळ्या आणून दिल्या. गोळी घेतली की तो पळायचा. मला वाटलं, झालं काम. त्या गोळ्या मी आणल्या होत्या, वाचकहो. डॉक्टरला न विचारता, सव्वा महिना.

त्याच दिवसांत एक गृहस्थ भेटले. म्हणाले, पोराला परदेशात एका क्लबकडं हंगामभर पाठवू, तिथं नाव होईल, मात्र तीन लाख रुपये लागतील. मी दादांना फोन केला. फोनवर बराच वेळ शांतता होती. मग दादा म्हणाले, "पाटाकडचा अर्धा एकर देऊ या काय? गिऱ्हाईक आहे." साडेतीन एकरांतला, पाण्याखालचा, आजोबांच्या हातचा अर्धा एकर. मी म्हणालो, "दादा, पोराचं नशीब उघडतंय." डिसेंबरच्या शेवटी इसार घ्यायचं ठरलं.

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी तो सामन्यात तिसरं षटक टाकायला धावत गेला आणि चेंडू टाकून जागीच बसला. उठता येईना. दोन मुलांनी खांद्यावर धरून बाहेर आणला. दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयात नेला. एक्स-रेत काही दिसलं नाही. डॉक्टर अनुभवी होते, त्यांनी एम.आर.आय. करून घेतला. कण्याच्या खालच्या भागातल्या मणक्याला डाव्या बाजूला तडा गेलेला. पडून झालेली दुखापत नव्हे. पुन्हा पुन्हा तोच ताण पडून हाड हळूहळू तडकलेलं.

डॉक्टर समजावून सांगत होते आणि मी खाली बघत होतो. एकतीस वर्षं लोखंडाचं काम केलेला माणूस मी. शाफ्ट एका दणक्यानं तुटत नाही. रोजच्या थोड्याथोड्या ताणानं त्यात बारीक चीर पडते, दिसत नाही, आणि एक दिवस चालत्या यंत्रात तुकडे होतात. कारखान्यात आम्ही त्याला 'फटीग' म्हणतो. म्हणून शाफ्टची तपासणी ठरलेल्या तासांनी होते. यंत्राची वही मी रोज भरत होतो. घरातल्या पोराची वही ठेवायचं मला सुचलं नाही.

डॉक्टर म्हणाले, या वयात हाड पुरतं पक्कं झालेलं नसतं, ते विशीनंतरही भरत राहतं. विश्रांती दिली तर तडा भरून येईल. पण निदान सहा महिने चेंडू हातात घ्यायचा नाही. गोळ्या कोणी दिल्या, असंही त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी नुसतं माझ्याकडं बघितलं. बैल गेला नि झोपा केला, तशी माझी गत.

दादा दुसऱ्या दिवशी मरोळला आले. मला वाटलं, आता बोलतील. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी पोराच्या पाठीवरून हात फिरवला, सौ.कडून चहा घेतला आणि म्हणाले, "याला घेऊन जातो. पाटाकडच्या वावराचं मी त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून सांगून आलोय." गाडीत बसताना मी त्यांचे पाय धरले. ते म्हणाले, "नाना, तू त्याचं वाईट चिंतलं नव्हतंस. पण मी तुला सांगितलं होतं."

तीन लाख मागणारे ते गृहस्थ पुन्हा फिरकले नाहीत.

पुढच्या वर्षी पोळ्याला मी गावी गेलो. आदल्या संध्याकाळी खांदमळणी होती. दादा तूप आणि हळद घेऊन बैलाचा खांदा चोळत बसले होते. पुतण्या शेजारी उभा होता, मला बघून हसला, पण मला त्याच्याकडं बघवेना. दादांनी एका बैलाकडं बोट केलं. "याचा खांदा आला होता गेल्या साली. एक हंगाम बसवून ठेवला. शेजारी हसले, बसून खातोय म्हणाले. आज बघ." मग पोराकडं बघून म्हणाले, "बसवलेला बैल पुन्हा चालतो, नाना. सुजल्या खांद्यावर जू ठेवलं तर मात्र तो कायमचा जातो."

नऊ महिन्यांनी पोरगा पुन्हा धावायला लागला. आता जरा समजून घेत मी झहीरच्या कारकिर्दीकडं पाहू लागलो. लोकांना बळी दिसतात. मला आता मधली वर्षं दिसू लागली. २००३च्या डिसेंबरात ब्रिस्बेनला पाच बळी घेतले आणि त्याच दौऱ्यात मांडीचा स्नायू दुखावला. पुढं वेग गेला, संघातली जागा गेली. २००६ला तो इंग्लंडमध्ये वूस्टरशायर परगण्याकडून खेळायला गेला आणि एका हंगामात ७८ बळी घेतले. तिथं त्यानं धाव आखूड केली, अंगावरचा भार कमी केला आणि चेंडू दोन्हीकडं वळवायची कला पक्की केली. त्याचं फळ २००७ला इंग्लंडमध्ये मिळालं. नॉटिंगहॅमच्या कसोटीत नऊ बळी घेऊन त्यानं सामना जिंकून दिला. २०११ला विश्वचषक जिंकला आणि चार महिन्यांतच लॉर्ड्सवर चौदाव्या षटकात पुन्हा मांडी धरून बाहेर गेला. ऑक्टोबर २०१५ला निवृत्त झाला तेव्हा ९२ कसोटींत ३११ बळी होते. म्हणजे आमच्या तालुक्याचा हा नावाजलेला गोलंदाजसुद्धा कितीतरी हंगाम बसवून ठेवलेल्या बैलासारखा घरी होता. बसायची लाज न बाळगता तो पुन्हा उठला, म्हणून टिकला.

दुसरं उदाहरण विदर्भातलं. उमेश यादव. नागपूरजवळच्या खापरखेड्याचा, कोळसा खाणीत काम करणाऱ्या बापाचा मुलगा. एकोणीस वर्षांचा होईपर्यंत तो टेनिस चेंडूनंच खेळत होता. कातडी चेंडू नीट हातात आला तो त्यानंतर. २००८ला विदर्भाकडून रणजी, २०११ला कसोटी, आणि ५७ कसोटींत १७० बळी. उशिरा सुरुवात झाली म्हणून लोक त्याला दुर्दैवी म्हणत असतील. मला मात्र वाटतं, लहानपणी कोणी त्याला रोजच्या सामन्यांना जुंपलं नाही, हेही त्याच्या पथ्यावर पडलं असावं.

आमचा पुतण्या भारताकडून खेळला नाही. जिल्ह्याच्या संघात आला, दोन हंगाम खेळला, पुढं निवड झाली नाही. पाठ मोडली म्हणून झालं नाही, की तेवढी ताकदच नव्हती, हे आता कोणी सांगू शकणार नाही. आणि हाच काटा माझ्या मनात राहिला. १९३२पासून आजवर भारताकडून कसोटी खेळलेले पुरुष खेळाडू सव्वातीनशेच्या आसपास. त्यांत वेगवान गोलंदाज किती, आणि त्यांत खेड्यातले किती! हे गणित मी अर्धा एकर विकायला काढण्याआधी करायला हवं होतं.

पण पोरगा रडत बसला नाही. त्यानं श्रीरामपूरला बी.कॉम. केलं. आता दादांबरोबर शेती बघतो आणि सकाळ-संध्याकाळ मैदानावर पंचवीसेक पोरांना गोलंदाजी शिकवतो. त्यांत दोन मुलीही आहेत. त्याच्याजवळ एक वही असते, दुधाच्या रतिबाची असते तशी. प्रत्येक पोराच्या नावापुढं रोजचे चेंडू लिहिलेले. सराव, सामना, गल्लीतला खेळ, सगळं त्यात. खोटं सांगणाऱ्या पोराला दोन दिवस चेंडू मिळत नाही.

तुमच्या घरात असं पोरगं असेल तर चार गोष्टी सांगतो. त्याला अडवू नका. अडवलेलं पाणी बांध फोडतं. पण मोजा. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळानं काही वर्षांपूर्वी काढलेल्या नियमांत तेरा वर्षांखालच्या वेगवान गोलंदाजाला एका दमात पाच आणि दिवसाला दहा षटकांची मर्यादा होती. पंधरा वर्षांखालच्याला सहा आणि बारा. तिकडं एवढी काळजी घेतात, तर आपण निदान वही तरी ठेवू. वर्षातून दोन-तीन महिने त्याचा चेंडू पूर्ण बंद ठेवा. त्या दिवसांत पळू द्या, पोहू द्या, शेतात हलकं काम करू द्या. कंबर एका बाजूला दुखत असेल, मागं वाकल्यावर कळ येत असेल आणि आठवडाभरात थांबत नसेल, तर मलम-गोळीवर न भागवता हाडांच्या डॉक्टरकडं न्या. एक्स-रे चांगला आला तरी दुखणं खरं असू शकतं, हे ध्यानात ठेवा. खाण्यात दूध, डाळ, शेंगदाणे, परवडत असतील तर अंडी कमी पडू देऊ नका. शाळा सोडू देऊ नका. आणि कोणी कितीही गोड बोलला तरी पाण्याखालची जमीन पोराच्या खांद्यावर ठेवू नका. बापाचा अर्धा एकर पाठीवर घेऊन धावणारं पोरगं दुखलं तरी सांगत नाही. आमच्यानं तेच केलं. दुखत असताना का बोलला नाहीस, असं मी पुढं त्याला विचारलं तेव्हा म्हणाला, "नाना, तुम्ही जमिनीचं फोनवर बोलत होतात ते मी ऐकलं होतं."

मी आता निवृत्त आहे. मरोळलाच राहतो. जिथं म्हशींचं रान बघायला जायचो, त्या आरेपासून मरोळ नाक्यापर्यंत २०२४पासून जमिनीखालून मेट्रो धावते. संध्याकाळी फिरायला जातो तेव्हा दिव्यांच्या उजेडात पोरं टेनिस चेंडूनं खेळत असतात आणि कडेला खुर्च्यांवर माझ्यासारखे कोणी काका-मामा बसलेले असतात. मी उभा राहतो. एखादा उंच, सडसडीत पोरगा धावत येताना दिसला की त्या काकांपाशी जातो आणि विचारतो, "आज किती चेंडू टाकले हो यानं?"

बहुतेकांना सांगता येत नाही. मग मी त्यांना दादांची गोष्ट सांगतो. काही हसतात, मीही हसलो होतो तसे. गेल्या महिन्यात एकानं मात्र खिशातून पेन काढलं आणि सिगारेटच्या पाकिटावर आकडा लिहून ठेवला. मी घरी येऊन पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "नाना, त्या काकांना सांगा, पाकीट हरवतं. वही घ्या म्हणावं."